सकाळी भरलेला गळा

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी कोंबडी आहे आणि स्वभावाने जराशी फटकळ. अंडी देणे मी केव्हाच थांबवले. आता नुसती बसून खाते आणि वर कुरकुर करते.

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या परसात मी वाढले. माझ्या बरोबरीचे दुसरे एकच पिल्लू जगले, ती तांबडी. आम्ही एकाच दांडीवर पंखाला पंख लावून झोपत असू. काकू गिऱ्हाइकांना आमची अंडी दाखवत आणि म्हणत, "माझ्यापेक्षा या दोघींचा हात सफाईदार!"

संध्याकाळी काकू मशीनची खोली झाडत आणि केर परसात लोटत. त्यात दोऱ्यांचे तुकडे असत. आम्हाला वाटे, गांडुळेच! तांबडी तर तुटून पडायची, आणि मीही काही कमी नव्हते.

आमच्या गळ्याखाली एक पिशवी असते. दिवसभर टिपलेले दाणे तिच्यात साठतात आणि रात्रीतून पोटात उतरतात. सकाळी ती रिकामी हवी. तांबडीची मात्र एकदा सकाळीच टम्म फुगलेली होती.

"बघ गं, उठल्या उठल्या पोट भरून बसलीय! खादाड मेली," काकूंच्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"खाऊ दे की. मला गणवेश द्यायचेत, मान वर करायला सवड नाही," काकू आतून म्हणाल्या.

तांबडी खातच नव्हती, नुसते पाणी पीत होती. तिच्या चोचीला आंबूस वास येऊ लागला. ती वाळत चालली, पण गळा भरलेला दिसे, म्हणून सगळे निर्धास्त होते. मी ओरडून परस डोक्यावर घेतले. सासूबाई म्हणाल्या, "हिला अंडं घालायचंय वाटतं." पाचव्या दिवशी सकाळी दांडीवर मी एकटीच होते. तांबडी खाली पडली होती.

महिन्याभराने माझाही गळा फुगला. या वेळी काकूंनी हात लावून पाहिला, आत घट्ट गोळा लागला आणि त्या दचकल्या. हातातले काम तसेच टाकून त्यांनी मला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी गळ्याखाली छोटा छेद घेतला आणि आतून दोऱ्यांचा गुंताच बाहेर काढला. निळा, पांढरा, खाकी.

"काय हो, हिच्या पोटात दुकान उघडलंय का तुम्ही?"

काकू हसल्या नाहीत. "म्हणजे आमची तांबडीसुद्धा..." एवढेच म्हणाल्या.

आता केर डब्यात जातो. मी बरी झाले, पण दांडी फार लांब वाटते. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे कोंबडी असेल, तर रोज सकाळी दाणे टाकण्याआधी तिच्या गळ्याखाली एकदा हात लावून बघा. आम्हाला दुखणे सांगता येत नाही. ते पाच दिवस मी तांबडीच्या अगदी शेजारी होते. मला सगळे दिसत होते. पण मला हात नव्हते.