राहिलेला धवला

सासूबाईंची आठवण गेली आणि मला या घरात पहिल्यांदा माया मिळाली. हसू नका, खरंच.

आमच्या सासूबाई, तुळशीबाई, म्हणजे सोनिवलीच्या धवलारीण, लग्नातले धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणणाऱ्या. सासरची माणसं आगरी. आता समोर टॉवर उभे राहिलेत, तरी धवलारणीने धवला गायल्याशिवाय लग्न लागलं असं इथे कुणी मानत नाही. बाईंनी गावभर धवले गायले, फक्त पोटच्या हरेशच्या लग्नात तोंड शिवून बसल्या. कारण मी, भारती, उल्हासनगरची, परजातीची. पुढे कित्येक वर्षं मला नावाने हाक नाही, नुसतं ‘ए’!

मग अल्झायमर झाला. मी कोण हेच विसरल्या. रोज दुपारी माझा हात धरून विचारायच्या, “कोन गो तू पोरी? लगीन झाला का तुजा?”

“झालं.”

“धवला कोनी म्हटला?”

“कुणीच नाही.”

“अरे देवा! कोन ती मेली धवलारीन? बस हितं, मी म्हनते.”

माझ्या डोक्यावर हात ठेवून तोंड उघडायच्या, आणि शब्दच नाहीत. बाई रडवेल्या व्हायच्या, मीही. मला हवा होता हो तो धवला! त्यात लाज कसली?

तेवढ्यात आमच्या रिद्धीचं लग्न ठरलं. धवला आजीनेच गायचा म्हणून पोरगी हटून बसली. बदलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, “मेंदूत निरोप नेणारं एक रसायन असतं. काम झालं की एक एन्झाइम ते मोडून टाकतं. यांच्या मेंदूत ते रसायनच कमी पडलंय. ही गोळी त्या एन्झाइमला आवरते. आजार बरा होणार नाही, पण थोडंफार आठवेल कदाचित.”

मी म्हटलं, द्या. मनात ठरवलं, रिद्धीच्या आधी माझा धवला त्यांच्याकडून म्हणवून घेते. थोडं म्हणजे नेमकं कुठलं, हे विचारायची अक्कल कुणाला होती!

दीडएक महिन्याने सासूबाई पडवीत तांदूळ पाखडताना गुणगुणायला लागल्या. शब्दन्‌शब्द! मी हातातलं टाकून धावले, पुढ्यात बसले, डोक्यावर ओढणी घेतली. “आई, माझा राहिलाय. गा ना.”

गाणं थांबलं. त्यांनी मला नीट निरखलं.

“तू ती उल्हासनगरची ना? तुजा कसला धवला? ऊठ, पसारा आवर.”

हरेश दारातच होता. त्याला आनंद मावेना. “अगं, ओळखलं तुला!” म्हणत त्याने डॉक्टरांना फोनही लावला.

मी मोरीत नळ सोडून रडले. मेल्या गोळीला आणायला हेच सापडलं?

संध्याकाळी गोळी हातात घेतली आणि वाटलं, द्यावी फेकून. थोड्या दिवसांनी बाई पुन्हा माझा हात धरतील, पोरी म्हणतील. पण मग माझी रिद्धीही बिनधवल्याचीच बोहल्यावर उभी राहील.

“आई, आ करा,” मी म्हटलं.

माझ्याकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण गोळी गिळली.