पाटीखालची चौकट

मी एक जुनी पिवळी चौकट आहे, आणि मित्रांनो, मी अजून रागात आहे. लाकडाची चौकट नव्हे हं! सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर चित्रं नसत, नुसती अक्षरं असत. कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणाऱ्या, उमेळे गावच्या क्षितिजाने दुहेरी रेघांनी मला तिथे आखलं. वसईच्या एका धर्मादाय दवाखान्यात माझं काम एकच. पेशंटला एखादं औषध सोसत नसेल, तर त्या पेशंटच्या नावासकट पडद्याच्या मधोमध उभं राहून बजावायचं.

"ही पिवळी दिसली की माझा हात आपोआप थांबतो," सिस्टर ज्युलिएट म्हणायच्या. मी फुलून जाई.

मग एका शेठने दवाखान्याला नवं छप्पर दिलं. तिथे पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणगीदारांची नावं होती! अध्यक्ष जयवंतराव म्हणाले, "शेठचं नाव पडद्यावर पाहिजे. मधोमध, सगळ्यांच्या वर."

"सर, मधे इशारा येतो. पाटी कोपऱ्यात ठेवू या," क्षितिजा म्हणाली.

"कोपऱ्यात? शेठना काय वाटेल?"

आमच्या पडद्यावर जो शेवटी रंगवला जातो तो वर बसतो. जयवंतरावांनी पाटी सगळ्यात शेवटी रंगवायला लावली. मी तिच्याखाली गाडले गेले. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला, पण ओरडायला तोंड कुठे होतं?

एके सकाळी पाचूबंदरची मार्गारेट तापाने फणफणलेल्या इझाबेलला घेऊन आली. सिस्टरांनी पोरीचं नाव टाकलं. मी उमटले, आणि लगेच पाटी माझ्यावर बसली. पिवळं काही दिसलं नाही, म्हणून सिस्टरांनी निर्धास्तपणे सुई भरली.

"सिस्टर, थांबा!" मार्गारेट ओरडली. "पेनिसिलिन नाय ना त्यात? मागच्या टायमाला पोरीचा सास बंद झालेला. तुमीच लिवलंय ना त्या कॉम्प्युटरात!"

सिस्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि क्षितिजाला बोलावलं. क्षितिजाने त्याच दिवशी, कुणालाही न विचारता, मला शेवटी रंगवलं.

मार्गारेट पोरीला पुन्हा दाखवायला आली, तेव्हा जयवंतराव तणतणत होते. माझ्याखाली शेठचं नाव निम्मं गेलं होतं. "नाव झाकलं कुणी?"

मार्गारेट इझाबेलला कडेवर घेऊन उठली. "माज्या पोरीचं नाव झाकलं, तवा कुटं व्हता तुमी?"

माझ्या रागाला त्या दिवशी पहिल्यांदा तोंड मिळालं.

पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला, मीही गेले. मित्रांनो, देणगी खुशाल द्या, पाटीही लावा. पण ठोकण्याआधी तिच्याखाली कोण आहे ते बघा. प्रत्येकाच्या वेळी मार्गारेट जवळ असेलच असं नाही.