शाळेमागचं गटार

गावात आधी काय करायचं ते लिहून पेटीत टाका, असं आमची नगरपालिका दरवर्षी सांगते, जणू लगेच करणारच आहे. चिठ्ठ्या वाचून यादी लावायचं काम माझं. शिंपीणकाकू कापडावर खुणा करायला वापरतात त्या निळ्या खडूनं दरवर्षी एकच लिहायच्या: शाळेमागच्या गटारावर झाकण टाका. मी ते दरवर्षी यादीत स्वागतकमानीच्या खाली ढकलायचो. साहेबांना कमान हवी होती, मला साहेब.

गेल्या वर्षी काकू त्याच गटारात पडून वारल्या.

आज पेटी उघडली. निळा खडू, तेच अक्षर.

‘तुमच्या धाकटीला रोज मीच हात धरून गटार ओलांडून देते. यंदा तरी झाकण यादीत वर घ्या. उद्यापासून मी येणार नाही.’