चावलेल्या पायऱ्या

साच्यातले प्लॅस्टर घट्ट व्हायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात दातकाका आपल्या गावाला जाऊन येत.

दातकाका हे गल्लीतल्या पोरांनी ठेवलेले नाव. काका कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचे काम चाले. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येत, काका त्यांत प्लॅस्टर ओतत, हात धूत आणि खिडकीखालच्या खुर्चीत मान टाकत. डोळा लागला की गाव हजर. पांढरे म्हणवत नाही आणि पिवळेही म्हणवत नाही अशा रंगाची घरे, दुपारचे निवांत ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण प्रत्येक ओसरीवरून कुणीतरी आत्ताच उठून आत गेल्यासारखे वाटायचे. मधोमध एक मनोरा होता. मनोऱ्यात गोल जिना होता आणि त्याच्या पायऱ्या पावलांनी झिजून मऊ झालेल्या होत्या. काका चढू लागत. वर काय आहे ते मात्र कधी कळले नाही, कारण तेवढ्यात प्लॅस्टर वाळलेले असे आणि काकू चहा घेऊन दारात उभ्या असत.

मग काकांच्या मनाने घेतले की हे गाव बांधायचे. कशाने, तर लहान मुले खेळतात त्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी, वर बटणे असलेल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या. साठीला टेकलेल्या माणसाने. आता हसायचे त्याने हसून घ्यावे. काका कुणाला भीक घालणाऱ्यातले नव्हते.

नवे ठोकळे खिशाला परवडणारे नव्हते आणि काकांना ते नकोही होते. पांढरा ठोकळा वर्षानुवर्षे उजेडात राहिला की पिवळा पडतो. शौकीन मंडळी अशा ठोकळ्यांकडे बघून नाक मुरडतात, आणि घर आवरायला काढलेले लोक ते किलोच्या भावात देऊन टाकतात, वर खोकेही फुकट. काका जाहिराती चाळत बसत. फोटोत पिवळट ढीग दिसला की पिशवी घेऊन निघालेच. घरी आल्यावर कवळीला रंग जुळवायची सोळा छटांची पट्टी काढत आणि एकेक ठोकळा तिच्याशेजारी धरत.

"हा बघ, अस्सल विडी ओढणाऱ्याचा," ते काकूंना म्हणत. "आणि हा मास्तरांचा. चहा जास्त, पण घासतो बिचारा."

"लोक दात पांढरे करायला धडपडतात," काकू म्हणत, "आणि आमच्या घरी पिवळे गोळा होतात."

काकांचा एक नियम होता. आलेला माल आधी सुटा करायचा, मग जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवायचा. कुणी काय जोडून ठेवले आहे ते बघत बसायचे नाही. सांध्यात मळ बसतो, हे त्यांना कवळ्यांनी शिकवले होते. नियम इतका अंगवळणी पडला होता की हात आपोआप चालत.

तसेच दोन महिन्यांपूर्वी झाले. शहरातली बस चालवणाऱ्या एका बाईकडून त्यांनी मोठे खोके आणले. तिचे घर पार कोपऱ्यावर होते, आणि बोलताना हात तोंडाशी नेण्याची तिला सवय होती, एवढे त्यांच्या लक्षात राहिले. खोक्यात एक छोटे घर जोडलेले निघाले. गंमत म्हणजे त्याचे दार भिंतीत नव्हते, छपरात होते. काकांनी ते क्षणभर हातात फिरवले, हसले, आणि नियमाप्रमाणे सुटे केले.

धुतल्यावर त्यातल्या पातळ पट्ट्या त्यांच्या डोळ्यांत भरल्या. प्रत्येकीच्या कडेवर दात उमटले होते. पातळ पट्टी नखाने निघत नाही, म्हणून मुले ती दातांनी उचकटतात. त्यात नवल नाही. पण इथे सगळीकडे एकच तोंड होते. वरचे पुढचे दोन रुंद दात, कडा अजून करवतीसारख्या, म्हणजे येऊन फार वर्षे न झालेले. आणि त्यांच्या डावीकडचा दात पिळवटून आडवा बसलेला. दहा-अकरा वर्षांचे पोर असावे, काकांनी मनाशी म्हटले. त्या पट्ट्यांच्या कडा चावून चावून अशा मऊ झाल्या होत्या की काकांच्या अंगावर काटाच आला. स्वप्नातल्या पायऱ्या त्या. अडतीस पट्ट्या निघाल्या. काकांनी त्यांचा गोल जिना बांधला, त्याभोवती मनोरा उभा केला, आणि कित्येक दिवस ते नुसते बघत राहिले. आता फक्त वरचा शेवटचा वेढा उरला होता.

आणि गुरुवारी दुपारी ती बसवाली दारात उभी राहिली, खाकी गणवेशातच.

"काका, ते खोकं," ती म्हणाली. "त्यात एक घर होतं. छपरात दार असलेलं. ते आहे ना?"

 काकांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी खुर्ची पुढे केली.

तिने सांगितले ते असे. घर तिच्या धाकट्या भावाने बांधलेले. वडिलांशी भांडून तो अठराव्या वर्षी निघून गेला, त्याला वीस वर्षे झाली. ना पत्र, ना फोन. वडील गेले, आई गेली; शेवटी तिने माळा आवरला. आणि परवा अचानक त्याचा फोन आला. रविवारी येतो म्हणाला.

"दुसरं काही विचारलंच नाही त्याने. म्हणाला, माझं घर आहे ना अजून? आणि मी 'हो, आहे' म्हणून बसले." तिने तोंडावर हात ठेवला. "त्या घरात माझं म्हणून काही कधी नव्हतंच, काका. तो एकटाच कोपऱ्यात बसून बांधायचा. मी थोरली, माझा अभ्यास, माझ्या मैत्रिणी. जातानाही मला काही बोलला नाही. का बोलेल? मी कधी त्याच्याजवळ बसलेय? आता निदान तेवढं एक त्याच्या हातात द्यावं म्हटलं."

काका खोटे बोलू शकले असते. फेकले, हरवले, काहीही. मनोरा दोन पावलांवर होता आणि त्यावर चादर टाकलेली होती. ते उठले आणि चादर काढली.

"हे तुमचं घर," ते म्हणाले. "मी मोडलं. सवयीने मोडलं, न विचारता."

ती बघत राहिली. रडेल असे वाटले होते, पण ती रडली नाही. "किती सुंदर आहे," एवढेच म्हणाली. काकांना ते शिवीपेक्षा जास्त लागले.

"शनिवारी या," ते म्हणाले.

ती गेल्यावर काकांनी मनोरा उतरवायला घेतला. वरून खाली, एकेक पायरी. काकू शेजारी वाटी धरून बसल्या.   काकांना वाईट वाटत होते, आणि त्यांनी ते तसे बोलूनही दाखवले. "मला वर जायचं होतं गं," ते म्हणाले. काकूंनी वाटी पुढे सरकवली.

शनिवारी बसवाली आली तेव्हा टेबलावर तीन भिंती उभ्या होत्या. काकांनी जाहिरातीचा जुना फोटो शोधून काढला होता; ढिगातून घराचा एक कोपरा डोकावत होता, तेवढा त्यावरून जमला. उरलेले तिच्याकडून काढून घ्यायचे होते. "खिडकी?" "डाव्या अंगाला, एकच." "छप्पर उतरतं की सपाट?" "सपाट. आणि दार मधोमध. मी विचारलं होतं, दार वर का? तर म्हणाला, खालून सगळेच येतात."

बोलता बोलता काका पट्ट्या लावत होते. खिडकीतून ऊन टेबलावर आले होते, आणि दाताखुणांत बारीक सावल्या पडल्या होत्या.

"किती वर्षांचा होता तेव्हा?" काकांनी सहज विचारले. "दहा-अकरा?"

"छे. सहा-सात. दुधाचे दात पडले होते पुढचे, नुसतं खिंडार. फुंकर मारल्यासारखं बोलायचा." आठवणीने तिला हसू फुटले, आणि पहिल्यांदाच हात तोंडाशी न्यायचा राहिला.

काकांचा हात थांबला. चाळीस वर्षे ते माणसांची तोंडे बघत आले होते. तिचे वरचे दोन रुंद दात. डावीकडचा पिळवटून आडवा.

"ताई," ते म्हणाले, "पुढचे दात नसलेलं पोर पट्टी कशी चावेल?"

तिला समजले नाही. काकांनी एक पट्टी तिच्या हातात दिली. "या सगळ्यांवर दात आहेत. एकाच माणसाचे. मला वाटलं, त्याचे असतील. लावून बघा."

ती गोंधळली, लाजली, तिने काकूंकडे बघितले. काकूंनी मान हलवली. तिने पट्टी हळूच ओठांत धरली, आणि ती चपखल बसली, कवळी बसावी तशी. पिळलेला दात आपल्या खाचेत गेला.

 बाहेर कुठेतरी नळ चालू होता. तिने पट्टी काढली, बोटाने पुसली, आणि पुन्हा दातांत धरली. मग तिचे डोळे भरून आले.

"ताई, तू चाव," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. दात पडलेल्या पोराचा, फुसफुसता. "असं म्हणायचा. ताई, माझ्याने निघत नाही, तू चाव. रोज. शाळेतून आल्यावर रोज. मी विसरले होते काका. मी बसायचे. मी त्याच्याजवळ बसायचे."

"अडतीस वेळा तरी," काका म्हणाले. 

घर पूर्ण झाले, फक्त छपराचे दार सोडून. ते तिने लावू दिले नाही. दार आणि त्याखालची पट्टी तिने गणवेशाच्या वरच्या खिशात ठेवली. "उद्या आम्ही दोघं लावू," ती म्हणाली, आणि जाताना दारात पुन्हा हसली, हात खाली ठेवून.

सोमवारी काकांनी साच्यात प्लॅस्टर ओतले आणि मान टाकली. गाव होते तसेच होते. मनोऱ्यात जिना नव्हता. काका खाली उंबऱ्याशी बसले आणि त्यांनी वर पाहिले. वरून दोन पोरांच्या भांडणाचा आवाज येत होता. दार कुणी लावायचे, यावरून चालले होते.

काकू चहा घेऊन आल्या. काका झोपेत हसत होते. काकूंनी चहा झाकून ठेवला आणि त्या परत गेल्या.