जो शेवटी लिहील तो खरा

मित्रांनो, मी एक डेटाबेस आहे. जुना आहे, लहान आहे, आणि तडा गेलेल्या एका फोनच्या पोटात राहतो. ओळख करून देताना इतर मंडळी छाती फुगवतात, मी जरा खाली बघतो. का, ते पुढे कळेलच.

माझ्या जातीतले थोर लोक मोठमोठ्या इमारतींत, थंडगार खोल्यांत राहतात. त्यांच्या दिमतीला माणसं असतात, दाराशी पहारा असतो. मी म्हणजे एक फाईल. ज्या ॲपला माझी गरज असते त्याच्याच घरात कोपऱ्यात अंथरूण टाकून पडायचं, विचारलं की सांगायचं, सांगितलं की लिहून ठेवायचं. मला ना सर्व्हर लागतो ना इंटरनेट. विमानात, तळघरात, डोंगराआड, कुठेही मी तितकाच हजर असतो. आमच्या धंद्यात यालाच मोठेपणा म्हणतात. मलाही काही वर्षं तो मोठेपणाच वाटत होता.

मला ज्या ॲपमध्ये वसवलं, ते एका घरातल्या धाकटीने लिहिलं. ती प्रोग्रामर. तिचे बाबा निवृत्त बस कंडक्टर. त्यांच्या हृदयाचा ठोका चुकतो म्हणून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू होती. ही गोळी फार मानी. कमी झाली तर रक्ताची गाठ, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. डॉक्टर दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून तिचं माप बदलायचे. बाबांजवळ राहायची त्यांची बहीण, म्हणजे घरातली आत्या. धाकटी आणि तिचा थोरला भाऊ आपापल्या घरी, आपापल्या कामांत. दोघंही संध्याकाळी येऊन जायचे.

घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. भिंती इतक्या जाड की बाहेरून फोनचं सिग्नल आत येताना दमून जायचं. म्हणून धाकटीने ठरवलं की सगळी माहिती फोनमध्येच राहील. तिने स्वतःचा जुना फोन बाबांच्या उशाशी ठेवला, त्यात मी. तिच्या आणि दादाच्या फोनमध्ये माझी जुळी भावंडं. ते दोघं घरी आले की आम्ही तिघं घरातल्या घरात गुपचूप बोलायचो, कुणी काय बदललं ते एकमेकांना सांगायचो, आणि तिघांच्या वह्या सारख्या करून टाकायचो. आत्या माझ्या पडद्यावर बघून गोळी द्यायची आणि बटण दाबायची. बाबा मला चेकर म्हणायचे. आयुष्यभर चेकरला घाबरलो, म्हातारपणी उशाशी घेऊन झोपतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

माझं कौतुक फार झालं. पाहुणे आले की धाकटी फोनचं विमानाचं बटण दाबून दाखवायची, बघा, नेट बंद, तरी सगळं चालू. दादा म्हणायचा की पूर्वी औषधावरून आमची रोज फोनवर वादावादी व्हायची, आता बोलावंच लागत नाही. हे वाक्य तो प्रशंसा म्हणून बोलायचा आणि मीही तसंच घ्यायचो. बहीणभावाला एकमेकांशी बोलायला लागू नये अशी सोय मी करून दिली होती, आणि मला त्याचा अभिमान होता. बघा म्हणजे.

घरात एक वाक्य रुळलं होतं. काहीही विचारा, उत्तर यायचं, "ॲपमध्ये टाकलंय."

आता दादाच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. तो बाटल्या भरण्याच्या कारखान्यात पाळीचा मुकादम. तिथलं गेट वेळेवर बंद व्हायचं, आणि दादा जन्मजात उशिरा. म्हणून त्याने फोनचं घड्याळ मुद्दाम अर्धा तास पुढे करून ठेवलं होतं. फोन स्वतःहून वेळ बरोबर करतो, ती सोय त्याने शोधून काढून बंद केली होती. मग काय व्हायचं, तो घड्याळ बघायचा, मनात अर्धा तास वजा करायचा, म्हणायचा अजून आहे वेळ, आणि उशिरा पोहोचायचा. हा उपाय तो कित्येक वर्षं करत होता आणि त्याचा त्यावरचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता.

आणि आमचा नियम. एकच ओळ दोघांनी बदलली तर कुणाची धरायची? धाकटीने नियम लिहिला होता, जो शेवटी लिहील तो खरा. साधा, सुटसुटीत नियम. जगात पुष्कळ ठिकाणी चालतो. आम्ही शेवटचा कोण ते प्रत्येकाच्या फोनच्या घड्याळावरून ठरवायचो. घड्याळ खोटं बोलेल असं तिच्या मनात आलं नाही. माझ्या मनात यायचा प्रश्नच नव्हता, मला मन त्या कामासाठी दिलेलं नाही.

एका सकाळी धाकटी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, रक्त जास्तच पातळ झालंय, आजपासून एकाच्या जागी अर्धी गोळी. तिने दवाखान्याच्या पायरीवर बसूनच आपल्या फोनमध्ये 'एक' खोडून 'अर्धी' केलं, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि ऑफिसला पळाली. त्याच्या थोडंसंच आधी दादाने कारखान्यात चहा पिता पिता त्याच ओळीत 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' केलं होतं. आत्यानेच सांगितलं होतं त्याला. गोळीच्या मापाला त्याने हातही लावला नव्हता. पण आम्ही बदलली की अख्खी ओळ लिहायचो, मापासकट. त्याच्या ओळीवर वेळ पडली पुढची.

संध्याकाळी दोघं आले. आत्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. धाकटी चप्पल काढता काढता म्हणाली, "सगळं ॲपमध्ये टाकलंय, आत्या." तेवढ्या वेळात आम्ही तिघा भावंडांनी भेटून निकाल लावला होता. दादाची वेळ पुढची, दादा खरा. 'अर्धी' आम्ही उचलून अडगळीत ठेवली. तिघांच्या पडद्यांवर एकसारखी ओळ आली: एक गोळी, जेवणानंतर. आमच्यात कसलाही मतभेद उरला नाही. इतकी एकजूट त्या घरात पहिल्यांदाच झाली असेल.

आत्याने मला विचारलं, मी सांगितलं, एक. दुसऱ्या दिवशी विचारलं, मी सांगितलं, एक. ती विश्वासाने द्यायची, बाबा मुकाट्याने घ्यायचे, आणि मी हिरवी खूण करायचो. त्या हिरव्या खुणा आठवल्या की आजही वाटतं, पडदा काळा पडावा आणि पुन्हा उजळूच नये.

दात घासताना बाबांना गुळणीत रक्त दिसायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बेसिन धुऊन टाकायचे. मग एक दिवस दुपारी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. आत्याचा टॉवेल भिजला, तिचा पदर भिजला, शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. गडबडीत आत्याने मलाही पिशवीत टाकलं, कारण औषधं चेकरला माहीत.

धाकटी आणि दादाही हॉस्पिटलमध्ये पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती देत होता. आत्या म्हणाली, एक. धाकटी म्हणाली, अर्धी.

"मी अर्धी केली होती," धाकटी म्हणाली.

"केली असतीस तर दिसली असती," दादा म्हणाला.

तिने पिशवीतून मला काढलं आणि विचारलं. मित्रांनो, मला जेवढं विचारतात तेवढंच मी सांगू शकतो. तिने विचारलं, माप किती. मी म्हटलं, एक. अडगळीत काय आहे हे तिने विचारलं नाही, आणि आपणहून बोलायला मला तोंड नाही. तिने आपला फोन काढला, तिथेही एक. ती खाली बसली. "म्हणजे मीच विसरले," एवढंच म्हणाली. दादाने मान फिरवली. आणि मी तिच्या हातात होतो, तिचा अंगठा माझ्या तड्यावर होता, खरं काय ते माझ्या पोटात होतं.

पुढचे दिवस बाबा खाटेवर, नाकात कापूस. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून राहायची. दादा तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हता. आत्याने आणलेला डबा ती उघडत नव्हती. मी तिच्या मांडीवर पडून असायचो आणि तिच्या दृष्टीने बरोबर असायचो. चूक असण्यापेक्षा हे फार वाईट असतं.

एका संध्याकाळी दादा आला, घाईत नेहमीची वजाबाकी विसरून फोनकडे बघून म्हणाला, भेटायची वेळ संपली, आता काय आत सोडणार. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"अजून अर्धा तास आहे. याच्या फोनवर जाऊ नका कुणी," ती बाकावरच्या अनोळखी बाईला म्हणाली. "घड्याळ पुढे असतं आणि हा मागे."

ती बाई हसली. धाकटी हसली नाही. तिने मान वर केली, बऱ्याच दिवसांनी.

"दादा, हे घड्याळ कधीपासून पुढे आहे?"

"नोकरी लागल्यापासून. का?"

तिने मला उघडलं आणि या वेळी माझ्या भाषेत नीट विचारलं: त्या ओळीच्या हरलेल्या नोंदी दाखव. मी सगळं भराभर काढून दिलं. इतक्या आनंदाने मी कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं, आणि इतक्या लाजेनेही. 'अर्धी' तिथेच होती, तिने लिहिली तशी.

दादाने तिच्या खांद्यावरून वाचलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो बाकावर तिच्या शेजारी बसला.

"म्हणजे माझ्यामुळे."

"नाही रे. नियम मी लिहिला."

"मी तोंडाने विचारलं असतं तर," आत्या म्हणाली.

दार उघडंच होतं. आतून बाबांचा कापसातला आवाज आला, "एका तिकिटावर तिघं बसू नका."

तिघांनीही चूक आपल्याकडे ओढून घेतली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. फळीवरून डबा पडला तर फळीवर कोण रागावतं? रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाबा घरी आले. धाकटीने मला नव्याने घडवलं. आता मी घड्याळावर विश्वास ठेवत नाही, कुणी कशाच्या आधी लिहिलं याचा वेगळा हिशेब ठेवतो. ओळ अख्खी बदलत नाही, जेवढा शब्द बदलला तेवढाच. आणि गोळीच्या मापावर मी निकाल देतच नाही. दोन मापं आली तर दोन्ही दाखवतो आणि खाली लिहितो, एकमेकांशी बोला. दादाचं घड्याळ अजून पुढेच आहे. ते सुधारणं माझ्या आवाक्यातलं नाही.

मित्रांनो, आम्हा लहानग्यांना घरात जरूर ठेवा. आम्ही विसरत नाही, झोपत नाही, नेट मागत नाही. पण आपल्या माणसाला सांगायची गोष्ट आम्हाला सांगून पायातली चप्पल काढू नका. आम्ही लिहून घेऊ, हिरवी खूण करू, आणि चुकलो तर आम्हाला कळणारही नाही.

परवा माप पुन्हा बदललं. दादाने एक माप लिहिलं, धाकटीने दुसरं. मी दोन्ही पडद्यावर मांडून गप्प बसलो. आत्या गोळी तळहातावर घेऊन थांबली. थोड्या वेळाने धाकटी खिडकीशी गेली, कारण तिथेच काय ते सिग्नल येतं, आणि तिने दादाला फोन लावला.

"दादा, अर्धी की पाऊण?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने मान हलवली, पण फोन ठेवला नाही.

"हो, जेवले," ती म्हणाली. "तू?"