चेंडूची ओढ

पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूला धडकून उलटा मागे आला, की बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या त्या हॉलमध्ये त्याला 'ओढ' म्हणत. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेल्या चष्मेवाल्याची ओढ तिथे नावाजलेली होती. मग त्याचं मनगट मोडलं, चार महिने घरी गेले, आणि परतल्यावर चेंडू काही मागे येईना. धडकायचा, आगाऊपणे थोडा पुढेच जायचा आणि कसाबसा वीतभर परतायचा. संघातली त्याची जागा हॉलवाल्या मामांनी रविवारच्या सामन्यासाठी राखून ठेवली होती. मनगटच कामातून गेलं असेल तर खेळ संपला, या धास्तीने त्याला जेवण जाईना.

पण गिऱ्हाईक 'दिसत नाही' म्हणालं, की डोळ्याला दोष देण्याआधी काच पुसून बघणारा हा माणूस. त्याने शनिवारी सकाळीच सामानाची उलटतपासणी सुरू केली. खेळायच्या काठीची, म्हणजे क्यूची, टोकाची चामडी टिप गुळगुळीत झाली होती. घासून खरखरीत केली, दर फटक्याआधी नीट खडू लावला. क्यू घसरायचा थांबला, ओढ मात्र जैसे थे. टेबलावरचं कापड तर नवंकोरं, निसरडं. त्यावर चेंडूला मागे ओढणारी उलटी फिरकी उलट जास्त टिकायला हवी. उरला चेंडू.

त्याची धाकटी बहीण बेकरीत केक सजवायची. दादा घरी बसल्यावर त्याच्या लाकडी क्यूला गंज चढू नये म्हणून आपण खेळायला लागलो, असं ती लोकांना सांगे. तिचे फटके बरे बसत, पण ते नवशिक्याचं नशीब आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिने बेकरीतला वजनकाटा आणला. रंगीत चेंडू सगळे सारखे भरले, पांढरा एकटाच वीस ग्रॅम जड.

मामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "तू घरी बसलास तेव्हाच जुन्याचा टवका उडाला होता. म्हणून मागच्या, नाणं टाकायच्या टेबलावरचा आणला. पांढरा तो पांढराच की."

चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. त्या टेबलाचं यंत्र कडेच्या खिशात पडलेला पांढरा चेंडू वजनावरून ओळखून परत सोडतं, म्हणून तो मुद्दाम जड केलेला. जड चेंडू हलक्याला ढकलून स्वतःही पुढे रेटतो, आणि निम्मी फिरकी त्यातच खर्ची पडते. त्याने पांढरा बाजूला ठेवला आणि पिवळ्याच चेंडूला खालून फटका मारला. पिवळा धडकला, क्षणभर थबकला आणि अर्धं टेबल मागे आला. चष्मेवाल्याला रडूच यायचं बाकी होतं.

"मी बघू?" बहिणीने विचारलं.

तिच्या फटक्याने पिवळा अख्खं टेबल उलटा पार करून तिच्याच बाजूच्या खिशात पडला. "जोर जास्त झाला, दादा," ती ओशाळून म्हणाली.

तो बघतच राहिला. ही पोरगी तीन महिने त्या जड चेंडूवरच शिकली होती आणि तो रोज अर्धं टेबल मागे आणत होती. तो परतल्यापासून तर त्याच्या डोळ्यांदेखत. इतरांना चष्मे देणाऱ्याला एवढंही दिसलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त कौतुक.

मामा रविवारच्या संघाची यादी घेऊन आले. त्याने आपल्या जागी बहिणीचं नाव लिहिलं. मग पांढरा चेंडू पुन्हा टेबलावर ठेवून क्यू तिच्या हातात दिला.

"याच्यावर मार," तो म्हणाला. "आणि सावकाश. मला शिकायचंय."