रावजी खोतांची मोसंबी

तुळशीरामचा ताप काही केल्या उतरेना, तेव्हा त्याला बैलगाडीत घालून खाडीकाठच्या गावातल्या सरकारी इस्पितळात आणलं. बरोबर त्याची बायको जनी होती. आजाऱ्याला खाट मिळे, पण सोबतच्या माणसाला दिवेलागणीआधी बाहेर पडावं लागे. त्यांच्यासाठी समोरच रावजी खोतांनी आपल्या आईच्या नावानं धर्मशाळा बांधली होती. कौलारू इमारत, दारात विहीर, मागच्या पडवीत चुली. त्या धर्मशाळेमुळे खोतांचं नाव पार पेणपर्यंत गेलं होतं. माणूस कडक, पण हात मोकळा, असं लोक म्हणत.

जनीनं कोपऱ्यात गाठोडं ठेवलं, चुलीवर पेज चढवली, तोच रखवालदार काळूराम नावगाव विचारायला आला. तिनं सांगितलं. काळूराम ते ऐकून गेला आणि थोड्या वेळानं खुद्द खोत येऊन उभे राहिले.

"अलिबागच्या कचेरीत माझ्याविरुद्ध जबानी दिली, त्या तुळशीरामची बायको तू?"

"व्हय, धनी."

कुळकायदा आला त्या साली तुळशीरामनं मामलेदारासमोर उभं राहून सांगितलं होतं, ही जमीन माझ्या बापापासून आम्ही कसतो. जमीन खोतांच्या हातून गेली. पण खोतांना जमिनीपेक्षा दुसरंच लागलं होतं. भर कचेरीत आपल्या कुळानं आपल्या डोळ्याला डोळा भिडवला, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"माझ्या आईच्या छपराखाली त्याच्या माणसाला जागा नाही," खोत म्हणाले. "काळूराम, हिचं गाठोडं बाहेर ठेव."

"धनी, त्यो तापानं फणफणलाय. आजच्या रोज ऱ्हाऊ द्या. मी पडवीत बसून ऱ्हाईन."

खोत पाठ फिरवून गेले. काळूरामनं गाठोडं रस्त्यावर नेऊन ठेवलं आणि चुलीवरची पेज विहिरीपाशी ओतून टाकली. तिथं बसलेल्या एकानंही मान वर केली नाही. श्रावणातला पाऊस धो धो कोसळत होता. एका दुकानाच्या फळीवर जनी टेकली, तर दुकानदारानं उठवलं. शेवटी ती भिजत गावाकडे चालू लागली.

सकाळी परत आली तेव्हा तुळशीरामच्या खाटेवरची चादर काढत होते.

इस्पितळातली आया नीराबाई तिला म्हणाली, "तुलाच हाका मारत होता गं शेवटपर्यंत. मी त्याला सांगत होते, येईल, समोर धर्मशाळेतच असेल."

जनी रडली नाही. मयत गावी नेलं, दिवस घातले, आणि मग दिराला, दादूला, म्हणाली, "भावजी, शेत तुम्ही बघा. मला त्या इस्पितळासमोर बसायचंय."

"तिथं काय करणार, वहिनी?"

"खोताचं पुण्य खाणार."

दादूला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण जनीचं डोकं त्या दिवसांत जितकं थंड होतं तितकं आयुष्यात कधी नव्हतं. खोताच्या अंगावर धावून जाण्यात काही अर्थ नव्हता. त्याचं घर जाळलं तर तो दुसरं बांधील. त्याला लोकांच्या जोडलेल्या हातांची भूक होती. ते हातच तिला त्याच्यापुढून काढून घ्यायचे होते.

ती गावोगाव फिरली. प्रत्येक दारात मूठभर तांदूळ मागितले. कुठल्या घरचं माणूस कधी ना कधी त्या इस्पितळात पडलेलं नव्हतं? बायका मूठ म्हणता म्हणता पायली ओतत. इस्पितळाच्या कुंपणाबाहेर, सावलीच्या मोठ्या भेंडीच्या झाडाखाली तिनं तीन दगड मांडले आणि पेज शिजवायला सुरुवात केली. आजाऱ्याच्या सोबतीला आलेल्या कुणीही यावं, वाडगाभर गरम पेज घ्यावी, वर सुकटीची चटणी.

लाकडं सकिनाबी द्यायची. तिच्या नवऱ्याची बंदरावर लाकडाची वखार होती. सासूच्या आजारपणात ती महिनाभर या वाटेनं ये-जा करत होती, आणि धर्मशाळेत तिला विहिरीला हात लावू दिला नव्हता. मोठं तांब्याचं पातेलंही तिनंच पाठवलं, लग्नाच्या जेवणावळीतलं.

पेज घेताना कुणी पाया पडायला वाकलं की जनी पाय मागे घेई. "मला पुण्य नको. समोर जाऊ नका, येवढंच करा." कुणी का म्हणून विचारलं, की ती तुळशीरामची गोष्ट सांगे. रोज सांगे. सांगताना आवाज चढत नसे, की डोळ्यात पाणी येत नसे. ऐकणारा पेज पिऊन उठे तेव्हा त्याच्या पोटात पेजेबरोबर तो रागही गेलेला असे.

"ही खैरात न्हाय, जनी," सकिनाबी एकदा म्हणाली. "हा सूड हाय."

"सूडच हाय. तुझी लाकडं परत हवीत का?"

"घे गो, जाळ. माझी पन थोडी आग हाय त्यात."

अशी दोन-तीन वर्षं गेली. धर्मशाळेत माणसं कमी होऊ लागली. खोतांना ते दिसत होतंच. मग त्यांनी ठरवलं, काहीतरी मोठं करायचं. इस्पितळाला बायकांसाठी नवी खोली बांधून दिली, संगमरवरी पाटी बसवली, आणि उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे बोलावले. रेवसला लाँचमधून उतरवून पाहुण्यांना मोटारीनं आणलं. हार झाले, भाषणं झाली. शेवटी खोत स्वतःच्या हातानं रुग्णांना मोसंबी वाटणार होते. मागे काळूराम टोपली घेऊन, बाजूला छायाचित्रकार.

पहिल्या खाटेवर एक म्हातारी होती. खोतांनी मोसंबं पुढे केलं. म्हातारीनं हात पदराखाली घेतले.

"नको, बाबा."

खोत हसले. पुढच्या खाटेपाशी गेले. तिथली बाई भिंतीकडे तोंड करून वळली. तिसरी म्हणाली, "माझं पोट भरलंय." खाटांमागे उभी असलेली नातलग मंडळी खाली बघत होती, पण एकाचाही हात पुढे येत नव्हता. छायाचित्रकारानं यंत्र डोळ्याला लावलं, तसंच खाली घेतलं. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले.

टोकाच्या खाटेवर रंगू कोळणीची लहान मुलगी होती, काविळीनं पिवळी पडलेली. मोसंबं बघून तिनं झटकन हात पुढे केला. खोतांचा चेहरा उजळला. पण रंगूनं पोरीच्या हातावर फटका मारला. पोर भोकाड पसरून रडू लागली.

"कुणी शिकवलं हे?" खोत ओरडले. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मी," दारातून जनी म्हणाली.

सगळे वळले. ती आत आली. लुगड्याला चुलीची राख लागलेली होती.

"मी तुळशीरामची बायको. तुमच्या धर्मशाळेतनं मला पावसात बाहेर घातलंत, तवा माझा नवरा इथं मला हाका मारत मेला. तुमचं फळ घ्यायला कुनी हात पुढं करनार न्हाय, धनी. पाटीवर कायबी लिवा."

खोतांनी हातातलं मोसंबं टोपलीत टाकलं. पाहुण्यांना अचानक परतीच्या लाँचची आठवण झाली. जनीला वाटलं, छातीवरचा दगड कुणी उचलून फेकला. कितीतरी दिवसांनी श्वास आतपर्यंत गेला. मोठी गोड घटका होती ती, खोटं कशाला सांगायचं.

पण ती बाहेर आली तरी पोरीचं रडणं ऐकू येत होतं. जनी तडक बाजारात गेली, मोसंबी घेऊन आली. तोवर पोर झोपली होती. रंगूनं मोसंबी तिच्या उशाशी ठेवली, आणि जनीकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोतांनी धर्मशाळेला कुलूप ठोकलं.

पुन्हा श्रावणच होता. जी काही माणसं अजून तिथं राहत होती, लांबची, जनीची गोष्ट न ऐकलेली, ती सगळी रस्त्यावर आली. भेंडीच्या झाडाखाली किती मावणार? बंदरावरच्या नाखव्यांनी झावळ्या आणून आडोसा केला, तो वाऱ्यानं उडाला. एक म्हातारा, सून बाळंतपणासाठी आत, स्वतः खोकत बसलेला, जनीला म्हणाला, "तुमच्या दोघांच्या भांडनात आमी भिजतोय, बाई. तुला तुझा सूड मिलाला. आमच्या डोक्यावर काय?"

जनीनं त्याच्या वाडग्यात पेज ओतली.

आठवडाभरानं खोत आले. एकटेच, छत्री घेऊन. गावात त्यांना आता कुणी रामराम घालत नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या सासरहूनही विचारणा झाली होती म्हणे.

"कुलूप काढतो," ते म्हणाले. "माणसांना यायला सांग. आता सगळ्यांनी तुझी गोष्ट ऐकलीय, तुझ्या शब्दाशिवाय यायची नाहीत."

"मोठ्यानं सांगा," जनी म्हणाली. "तुळशीराम मेला तवा मी कुठं होते, ते सांगा. यांच्याम्होरं."

"जनीबाई..."

"सांगा."

रांगेतली माणसं वाडगे घेऊन थांबली. खोत पुटपुटले. जनी म्हणाली, ऐकू आलं न्हाय. मग त्यांनी छत्री मिटली. पाऊस टोपीवरून गालांवर उतरू लागला.

"मी हिला बाहेर काढलं," खोत म्हणाले. "हिचा नवरा समोर मरत होता, आणि मी हिला रस्त्यावर काढलं. मीच."

जनी त्यांच्याकडे बघत राहिली. या घटकेची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली होती. पण आतली आग तशीच होती, आणि समोर एक भिजलेला म्हातारा उभा होता.

"जा," ती रांगेकडे वळून म्हणाली. "ज्याला जायचं त्यानं जा. त्या खोकनाऱ्या म्हाताऱ्याला आधी न्या."

माणसं गाठोडी उचलून रस्ता ओलांडू लागली. खोत त्यांच्या मागून गेले. काळूराम दार उघडून उभा होता.

सकिनाबी लाकडांच्या भाऱ्यापाशी बसली होती. "माफ केलंस?"

"न्हाय."

"मग पाठवलीस कशाला माणसं?"

"पाऊस हाय म्हनून," जनी म्हणाली, आणि उरलेल्यांना पेज वाढू लागली.